अस्सलबरहुकूम

“भावजी, असाल तसे या. ते पुस्तक फाडायला निघालेत.”

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जेवून मी नुकताच आडवा झालो होतो.

“कुठलं पुस्तक, वहिनी?”

“अहो, कुठलं काय, त्यांचंच. ‘कासारवाट’. एक प्रत वैजूनं हातातनं ओढून घेतली, तर कपाटातनं दुसरी काढलीय. गिजऱ्याला बोलवा, गिजऱ्याला बोलवा, एवढंच चाललंय.”

गिजऱ्या म्हणजे मी, सदानंद गिजरे. कोर्टाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली आणि उरल्या वेळात दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्या तुम्ही वाचलेल्या नसणार. कुणीच वाचल्या नाहीत, तेव्हा नावं सांगत बसत नाही. मला गिजऱ्या म्हणणारा माणूस जगात एकच होता, विश्राम थोरवडे. त्याच्या कादंबऱ्या दहा. कराडबाहेर कुठंही जाऊन मी विश्राम थोरवड्यांचा मित्र असं सांगितलं की लोक उठून मला खुर्ची द्यायचे. ‘कासारवाट’ ही त्याची दहावी.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चपला घालून निघालो खरा, पण तीन गल्ल्या ओलांडायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला. वाटेत एका ओळखीच्या दुकानात उगाचच टेकलो. विश्राम कुठलं पान वाचून भडकला असणार, ते मला कुणी न सांगता ठाऊक होतं.

तो पुढच्या खोलीत खाटेवर बसला होता, पुस्तक मांडीवर, शेवटच्या प्रकरणात बोट घालून. दाराशी वैजू उभी होती. वैजू म्हणजे त्याची मुलगी वैजयंता, पुण्याला असते, चार दिवसांसाठी आलेली. पुस्तकाला एका मोठ्या संस्थेचा पुरस्कार मिळाला होता आणि येत्या रविवारी गावातल्या वाचनालयात विश्रामचा सत्कार होता. सत्काराला त्यानं शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचं ठरलं होतं. त्याच्या तयारीसाठी म्हणून सकाळी त्यानं पुस्तक हातात घेतलं. छापून आल्यावर स्वतःचं पुस्तक उघडायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळं हे पहिल्यांदाच.

“आलास? बस,” तो म्हणाला. “आधी पाणी पी. घामाघूम झालायस.”

आवाज अगदी पहिल्यासारखा होता. 

“काय झालं रे?”

“हे शेवटचं प्रकरण माझं नाही.”

वैजूनं माझ्याकडं बघून मान हलवली. हे बघा, सकाळपासून हे असं चाललंय.

“बाबा, पुस्तकावर तुमचं नाव आहे. मागं फोटो आहे तुमचा.”

“नाव माझं आहे. फोटो माझा आहे. दोनशे नव्वद पानं माझी आहेत. पुढची चौदा नाहीत. तू गप्प बस, तुला त्यातलं कळत नाही. गिजऱ्याला कळतं.”

विश्रामला काय झालं होतं ते सांगायला हवं. दोन-अडीच वर्षांपासून त्याचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, किल्ल्या. ते तर आपण सगळेच विसरतो. मग एक दिवस मंडईतनं परत येताना तो तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घरात शिरला आणि तिथल्या बाईंना म्हणाला, शालन कुठं गेली? साताऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार, मागं फिरणार नाही. वैजू दोघांना पुण्याला न्यायला निघाली होती. विश्राम हटून बसला. त्यानं तिला माझ्यासमोरच अट घातली होती.

“ज्या दिवशी मला माझं लिहिलेलं ओळखता येणार नाही, त्या दिवशी ने मला. काही बोलणार नाही. तोवर मी आणि माझं टेबल इथंच.”

टेबलावर नव्या कादंबरीची चाळीसेक पानं लिहून झाली होती. रोज सकाळी तो बसत होता. कधी एक ओळ, कधी पान.

तेव्हा त्या दुपारचं भांडण नुसतं पुस्तकाचं नव्हतं. ते प्रकरण विश्रामचं नसेल, तर विश्रामचं डोकं शाबूत होतं. ते त्याचं असेल, तर सगळं आटपलं, टेबल आवरा, बॅगा भरा. आणि यातलं खरं काय ते सांगू शकणारा माणूस एकच होता. तो पाण्याचा तांब्या हातात धरून खुर्चीच्या टोकाला बसला होता.

आमची एक पद्धत होती. आम्ही म्हणजे विश्राम, मी आणि बशीर मोमीन. मोमीन हायस्कुलात गणित शिकवायचा, आणि त्याच्या कथा अशा की वाचून झाल्यावर जेवण जायचं नाही. तो त्या दुपारच्या आठ वर्षं आधीच वारला होता. विश्रामचं अक्षर असं की लिहिल्यावर दोन दिवसांनी त्याचं त्यालाच लागायचं नाही. माझं अक्षर कोर्टातलं. तेव्हा त्याच्या पहिल्या कादंबरीपासून पक्की प्रत मी करायची असं ठरून गेलं.

नक्कल विभागात एक गोष्ट आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली. मूळ कागदात चूक असेल तर चुकीसकट उतरायचं. पक्षकाराच्या बापाचं नाव चुकलंय हे दिसत असलं तरी आपण ते दुरुस्त करायचं नाही. काना-मात्रा हलवायची नाही. मग खाली लिहायचं, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’, आणि सही करायची. म्हणजे मूळ कागदात आहे तसंच्या तसं उतरलंय, त्याला मी जबाबदार. विश्रामला हा शब्द इतका आवडला, इतका आवडला, की पहिल्याच कादंबरीच्या पक्क्या प्रतीखाली त्यानं तो माझ्याकडून लिहून घेतला. सहीसकट! तेव्हापासून प्रत्येक प्रतीखाली तो असायचा. हा काय प्रकार आहे, म्हणून प्रकाशकाचं पत्र यायचं.

मग पडताळा. मी पक्की प्रत मोठ्यानं वाचायची, विश्रामनं समोर कच्ची घेऊन बसायचं. दोन-दोन दिवस चालायचं ते. आणि पडताळा झाला की कच्ची प्रत घेऊन दोघांनी घाटावर जायचं आणि एकेक पान कृष्णेत सोडायचं. हा नियम मोमीनचा. “जेवायला आलेल्याला खरकटी भांडी कशाला दाखवायची?” म्हणायचा. नऊ कादंबऱ्यांच्या नऊ कच्च्या प्रती आम्ही अशा पाण्यात सोडल्या. माझ्या कादंबऱ्या मीच लिहायच्या आणि मीच उतरायच्या, त्या कुणी मागितल्या नाहीत.

‘कासारवाट’ची कच्ची प्रत माझ्या हातात आली तेव्हा त्याचं विसरणं सुरू झालेलं होतं. चंद्राक्का म्हणून एक कासारीण, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव हिंडणारी, तिची गोष्ट. फार सुंदर.  आणि शेवटच्या प्रकरणात चंद्राक्का कित्येक वर्षांनी स्वतःच्या घराच्या दारात येते. पाटी खाली ठेवते. हाक मारते, “कोण हाय का घरात?” आतून मुलगा ओ देतो. एवढं झालं की पुढच्या पानावर पुन्हा ती दारात येते. पाटी खाली ठेवते. “कोण हाय का घरात?” पुन्हा पुढच्या पानावर तेच. मोजलं, सात वेळा. मी ओल्या डोळ्यांनी कागद बाजूला ठेवला. विश्राम लिहिलेलं विसरून तेच तेच पुन्हा लिहीत बसला होता.

आठ दिवस मी काहीच केलं नाही. तो रोज विचारायचा, “झालं का रे?” वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “भावजी, हे त्यांचं शेवटचं. काही मागंपुढं झालं असेल तर तेवढं सांभाळून घ्या.”

मी सांभाळून घेतलं. आधी नुसती सहा वेळची हाक गाळली. पण मग प्रकरण पान-दीड पानाचंच उरलं, मुलाच्या ओ पाशीच तुटायला लागलं. म्हणून एक पान जोडलं. मग आणखी एक. आतून चंद्राक्काचा मुलगा बाहेर येतो, आईला ओळखतो, पाय धरतो, आणि जन्मभर कोरडी राहिलेली ती बाई उंबऱ्यावर बसून रडते. चौदा पानं झाली. खरं सांगतो, इतक्या सुखानं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. चार दिवस मला भूक नव्हती आणि थकवाही नव्हता.

आणि त्याच्याखाली मी लिहिलं, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. सही केली.

पडताळा झाला नाही. विश्राम त्या आठवड्यात तापानं पडला होता. मी म्हणालो, मीच ताडून बघतो, आणि प्रत पाठवून दिली. कच्ची माझ्या कपाटात राहिली.

पुस्तक आलं. एका नावाजलेल्या समीक्षकानं रविवारच्या पुरवणीत लिहिलं की शेवटच्या चौदा पानांत लेखकानं आयुष्यभराची पुंजी ओतली आहे. वाचकांची पत्रं आली, सगळी शेवटाबद्दल. ते कात्रण मी घडी घालून पाकिटात ठेवलं. पंचेचाळीस वर्षं लिहीत होतो, माझ्या एका ओळीला कधी कुणी बरं म्हटलं नव्हतं. आता म्हणत होते, भले दुसऱ्याच्या नावावर. मला आनंद झाला होता. सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

“बोल की रे,” विश्राम म्हणाला. “तांब्याकडं काय बघतोयस?”

“तू कशावरून म्हणतोस, तुझं नाही?”

“चंद्राक्का रडत नाही, गिजऱ्या. दोनशे नव्वद पानं मी त्या बाईला रडू दिलं नाही. नवरा मेला तेव्हा रडली नाही. पाटीतल्या सगळ्या बांगड्या फुटल्या तेव्हा खाली बसून काचा वेचल्या तिनं. आणि शेवटी मीच तिला उंबऱ्यावर बसवून रडवीन? मला काय वेड लागलंय?”

 वैजू खाली बघायला लागली. त्याच्याही ध्यानात आलं आपण काय बोलून गेलो ते.

“लागलंय असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. वाटू दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण हे मला आरशासारखं स्पष्ट दिसतंय. सकाळी मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण हे मी लिहिलेलं नाही.”

“मग तुम्ही काय लिहिलं होतं, ते तरी सांगा,” वैजू म्हणाली.

विश्रामनं कपाळावर हात दाबला.  “ते आठवत नाही,” तो म्हणाला. “दार होतं. ती हाक मारते. पुढचं हातात येत नाही माझ्या.”

माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशपथ सांगतो, आलं होतं. विश्राम, तू बरोबर आहेस, ती चौदा पानं माझी आहेत, कच्ची प्रत माझ्या कपाटात आहे, पाच मिनिटांत आणून देतो. एवढंच बोलायचं होतं.

तेवढ्यात त्यानं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘तिच्या डोळ्यांतून आसवांच्या धारा वाहू लागल्या आणि उंबऱ्याचं लाकूड भिजून गेलं.’ ऐकतोयस? लाकूड भिजून गेलं! काय बाई आहे का पखाल?” तो हसला. मोमीन असताना हसायचा तसा, पोट धरून. “असलं बेगडी मी जन्मात लिहिलं नाही. हे असलं आपल्यात एकच माणूस लिहितो, गिजऱ्या. तुझ्या पुस्तकांत पानापानाला आसवं असतात. आम्ही तुला तोंडावर बोललो नाही कधी. मोमीन म्हणायचा, जाऊ दे रे, अक्षर चांगलं आहे त्याचं.”

वहिनी स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या. “अहो, काय बोलताय त्यांना! तुमच्यासाठी ते किती झिजलेत.”

“मी वाईट बोलत नाही, खरं बोलतोय. त्याला राग येत नाही माझा.”

राग? माझ्या कानांतनं वाफा निघत होत्या. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी त्याची पानं उतरली, माझं लिहिणं बाजूला ठेवून उतरली, आणि दोघं माझ्या माघारी हे बोलत होते. अक्षर चांगलं आहे. ज्या चौदा पानांवर अख्खा महाराष्ट्र रडला ती बेगडी. त्याला काय कळतंय आता? ज्याला सकाळी खाल्लेलं आठवत नाही तो मला शिकवणार?

“तुझंच आहे ते,” मी म्हणालो.

विश्रामचं हसू थांबलं.

“माझं?”

“तुझंच. मी उतरलंय ना माझ्या हातानं.”

“कच्ची प्रत कुठंय?”

“सोडली नदीत.”

“माझ्याशिवाय?”

“तुला ताप होता. मी एकटाच गेलो.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी नजर काढली नाही. कोर्टात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, खोटी साक्ष देणारे कसे बघतात ते मला माहीत होतं, आणि मी तसा बघत नव्हतो.

“बरं,” विश्राम म्हणाला. टेबलावरचं त्याचं पेन त्यानं उचललं, टोपण काढलं आणि पुस्तकाचं शेवटचं पान उघडून दोन्ही माझ्यापुढं धरली. “मग इथं लिही.”

“काय?”

“काय लिहितोस ते. अस्सलबरहुकूम. सही कर. तारीख घाल. तू लिहिलंस की मी मानतो. त्या शब्दाखाली तू खोटं लिहायचा नाहीस, एवढं मला अजून कळतं.”

“बाबा, कशाला त्यांना असं कोर्टात उभं करताय?” वैजू म्हणाली.

“लिहू दे त्याला.”

मी लिहिलं. छापील ओळींच्या खाली, कोऱ्या जागेत, माझ्या सुंदर अक्षरात. सही केली आणि तारीख घातली. हात जराही हलला नाही.

विश्रामनं ते वाचलं. बोट फिरवून एकेक अक्षर वाचलं. मग पुस्तक मिटलं, आणि वैजूला म्हणाला, “ने मला पुण्याला.”

“बाबा...”

“ठरलंय आपलं. मला माझं लिहिलेलं ओळखू आलं नाही. मी भांडलो, शिव्या दिल्या, आणि ते माझंच निघालं. आता कसलं टेबल आणि कसलं काय.”

मी पेन परत करायला गेलो तर त्यानं हात मागं घेतला.

“राहू दे तुझ्याकडं. तुला लागेल. मी मघाशी बोललो ते मनावर घेऊ नकोस, गिजऱ्या. माझं डोकं ठिकाणावर नाही.”

रविवारी सत्कार झाला. विश्राम शाल घेऊन पहिल्या रांगेत बसला. वाचायला तो तयार होईना, तेव्हा त्याच्या वतीनं शेवटचं प्रकरण मी वाचलं. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजल्या, आणि विश्रामनंही वाजवल्या, शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत. टाळ्या ऐकून मला सुख झालं नाही असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल.

त्या दिवसापासून विश्राम टेबलापाशी बसला नाही. एरवी वर्षात घसरला नसता तेवढा तो महिनाभरात घसरला. वहिनी फोनवर रडायच्या. नवी चाळीस पानं त्यानं स्वतःच्या हातानं बंबात घातली. वैजूनं घर आवरायला घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी तिचा फोन आला.

“काका, बाबांचे कागद एका विद्यापीठाला हवेत. तुमच्याकडं त्यांचं काही असेल तर संध्याकाळी घेऊन या ना.”

“माझ्याकडं काय असणार?” मी म्हणालो, आणि कपाट उघडलं.

घाटावर सकाळचे कपडे धुणारे तेवढे होते. मी खालच्या पायरीवर बसलो आणि पहिल्या पानापासून एकेक सोडत गेलो, नऊ वेळा सोडलं होतं तसंच, फक्त शेजारी कुणी नव्हतं. शेवटचं प्रकरण आलं. चंद्राक्का दारात येते, पाटी खाली ठेवते. सोडलं. पुन्हा दारात येते. सोडायला हात पुढं केला, आणि सवयीनं डोळा खालच्या ओळींवर गेला.

नक्कल करणाऱ्याची एक खोड असते. वरच्या चार ओळी आधीच्यासारख्या दिसल्या की डोळा उडी मारतो, पुढचं तेच असणार म्हणून धरून चालतो. नव्या कारकुनांना मी या एका चुकीसाठी फैलावर घ्यायचो. विश्रामच्या त्या अगम्य अक्षरात सात वेळा पहिल्या चार ओळी सारख्या होत्या. पहिल्या पानानंतर पाचवी ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

दुसऱ्यांदा हाक मारल्यावर आतून सून ओ देते. पहिल्यांदा मुलानं दिली होती, तेवढीच मला ठाऊक होती. तिसऱ्यांदा सून नाही, नातीचा आवाज येतो. चौथ्यांदा भिंतीपलीकडली शेजारीण. पाचव्यांदा माणूस कुणीच नाही, ओसरीवरचं कुत्रं मान वर करून बघतं. सहाव्यांदा कुत्रंही नाही. मी वाचत होतो आणि पानं हातातनं सुटत होती. मी सोडत होतो की सुटत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. सहावं पान शाई फुटून निळं झालं आणि पायरीखाली गेलं तेव्हा माझ्या हातात शेवटचं एकच उरलं होतं.

सातव्यांदा चंद्राक्का दारात येते. पाटी खाली ठेवते. “कोण हाय का घरात?” बराच वेळ थांबते. मग स्वतःच म्हणते, “कुनी न्हाई, बाई. फुडं जा.” आणि पाटी डोक्यावर घेऊन निघते.

विश्राम काही विसरला नव्हता. त्याला काय होत होतं, घर कसं रिकामं होत जाणार होतं, ते त्यानं जाणून-उमजून, हिशेबानं लिहिलं होतं. शुद्धीत असलेल्या माणसानं लिहिलं होतं. आणि मी त्यातली ती सगळी माणसं-जनावरं गाळून एक रडणारी म्हातारी बसवली होती.

ते एक पान खिशात घालून मी घाटावरनं तडक त्याच्या घरी गेलो. सांगायचं, आज सगळं सांगायचं. पाय धरायचे. पुण्याची गाडी रद्द करा म्हणायचं.

घरात खोकी पसरली होती. वहिनी आणि वैजू आत बांधाबांध करत होत्या. विश्राम खाटेवर एकटाच बसला होता.

“विश्राम,” मी म्हणालो आणि पान त्याच्या हातात दिलं. “हे वाच.”

त्यानं चष्मा लावला. हळूहळू, ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी तसा उजळलेला पाहिला मी.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “फार चांगलं लिहिलंय. कुणी लिहिलं?”

“तू. तू लिहिलंयस. हे तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान आहे. अक्षर बघ, तुझं आहे.”

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग मान हलवली.

“नाही हो. माझा शेवट वेगळा आहे.” उशीखाली हात घालून त्यानं ‘कासारवाट’ बाहेर काढलं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. पानाचा कोपरा हात लावून लावून मऊ पडला होता. “हे बघा. ही बाई रडते. मलाही आधी वाटलं होतं की हे माझं नाही. पण इथं खाली लिहिलंय, दिसतंय ना? अस्सलबरहुकूम. गिजऱ्याची सही आहे. कोर्टातला माणूस आहे तो, माझा मित्र. तो खोटं लिहायचा नाही.”

“विश्राम, अरे, मी...”

“तुमचं तुम्ही घेऊन जा,” त्यानं ते पान नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. “आणि लिहीत राहा. हात चांगला आहे तुमचा.”